डाल्मेशियन कुत्र्यांमधील आनुवंशिक बहिरेपणा

डाल्मेशियन कुत्र्यांमधील आनुवंशिक बहिरेपणा हा या जातीच्या कुत्र्यांत आढळणारा, अंतर्कर्णातील बिघाडामुळे उद्भवणारा कायमस्वरूपी श्रवणदोष आहे. तो एका कानात किंवा दोन्ही कानांत असू शकतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच तो पूर्णत्वास जातो व पुढे आयुष्यभर तसाच राहतो. त्यावर कोणताही उपचार उपलब्ध नाही. जन्मजात बहिरेपणा कुत्र्यांच्या अनेक जातींत नोंदवला गेला असला, तरी डाल्मेशियनमधील त्याचे प्रमाण सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. या जातीची ओळख असलेल्या पांढऱ्या अंगरंगाला आणि या बहिरेपणाला कारणीभूत ठरणारी जैविक प्रक्रिया मुळात एकच आहे. त्यामुळे हा दोष जातीतून सहजासहजी वगळता येत नाही आणि त्याचे प्रमाण किती राहील हे मोठ्या अंशी पैदासकारांच्या निवडीवर अवलंबून असते.

जात व तिचा अंगरंग

डाल्मेशियन ही मध्यम ते मोठ्या आकाराची, पांढऱ्या अंगावर काळे किंवा तपकिरी गोल ठिपके असलेली कुत्र्याची जात आहे. एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावरील, सध्याच्या क्रोएशियातील डाल्मेशिया प्रांतावरून तिला हे नाव मिळाले. आंतरराष्ट्रीय श्वानसंघटना असलेल्या एफसीआयने तिचे मूळस्थान म्हणून क्रोएशियाची नोंद केली असली, तरी तिच्या प्राचीन उगमाबाबत मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये घोडागाडीबरोबर धावणारा कुत्रा म्हणून ती प्रसिद्ध झाली. टॉमस ब्युइक यांच्या १७९० च्या चतुष्पाद प्राण्यांवरील ग्रंथात तिचे काष्ठचित्र आहे. अमेरिकेत घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या अग्निशमन बंबांबरोबर हे कुत्रे धावत असत. अमेरिकन केनेल क्लबने १८८८ मध्ये या जातीची नोंदणी केली आणि १९०५ मध्ये डाल्मेशियन क्लब ऑफ अमेरिका ही संस्था स्थापन झाली.

डाल्मेशियनची पिल्ले जन्मतः पूर्ण पांढरी असतात. ठिपके साधारण दुसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतात आणि पुढे काही महिने वाढत राहतात. काही पिल्लांच्या अंगावर मात्र जन्माच्या वेळीच एखादा मोठा, गडद, सलग डाग असतो. त्यात पांढरे केस मिसळलेले नसतात व त्याची कड स्पष्ट असते. तो बहुधा कानावर किंवा डोळ्याभोवती आढळतो. पैदासकारांच्या परिभाषेत त्याला पॅच म्हणतात. ठिपका आणि पॅच दिसायला सारखेच वाटले तरी ते दोन वेगळ्या मार्गांनी तयार होतात. बहिरेपणाच्या संदर्भात हा फरक कळीचा ठरतो.

कारणे

प्राण्याच्या त्वचेला, केसांना व डोळ्यांच्या बुबुळांना रंग देणाऱ्या रंजकपेशी गर्भावस्थेत एकाच ठिकाणी जन्म घेतात. भावी मज्जारज्जूच्या लगत असलेल्या चेताशिखेतून त्यांच्या पूर्वपेशी निघतात आणि शरीरभर स्थलांतर करतात. पाठीपासून पोटाकडे, डोक्याकडे, पायांच्या टोकांकडे असा हा प्रवास असतो. ज्या भागात त्या पोहोचत नाहीत किंवा पोहोचून तग धरत नाहीत, तो भाग पांढरा राहतो. डाल्मेशियनमध्ये ही मर्यादा टोकाची असते, म्हणूनच जवळजवळ सर्व अंग पांढरे दिसते.

या रंजकपेशींचा एक लहानसा गट अंतर्कर्णातही जातो. तेथील शंखाकृती नलिकेच्या, म्हणजे कॉक्लियाच्या, भिंतीत रक्तवाहिन्यांनी भरलेला एक पट्टा असतो. त्याला स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस म्हणतात. नलिकेतील द्रवात पोटॅशियमचे प्रमाण अतिशय जास्त ठेवणे व त्यातून विद्युतदाब निर्माण करणे हे या पट्ट्याचे काम आहे आणि ते रंजकपेशींशिवाय होत नाही. ध्वनिलहरींचे विद्युतसंदेशांत रूपांतर करणाऱ्या केशपेशी याच विद्युतदाबावर चालतात. कानातील रंजकपेशी रंग देण्यासाठी नाहीत. त्या नसल्या तर कान केवळ फिका पडत नाही, तो बंद पडतो.

रंजकपेशींअभावी स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस क्षीण होत जाते, द्रवाची रासायनिक जुळणी बिघडते, नलिकेतील नाजूक पडदा खचतो आणि केशपेशी मरतात. कुत्र्याच्या पिल्लाच्या कानाची नलिका जन्मतः बंद असते व साधारण दोन आठवड्यांनी उघडते. त्याच सुमारास आत हा ऱ्हास चालू असतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो पूर्ण होतो. सस्तन प्राण्यांत केशपेशी पुन्हा उगवत नाहीत, म्हणून हे नुकसान भरून निघत नाही. दोन्ही कानांतील पेशींचे स्थलांतर स्वतंत्रपणे होत असल्याने एक कान पूर्ण बहिरा व दुसरा पूर्णपणे कार्यक्षम असणे शक्य होते, किंबहुना तेच अधिक वेळा घडते. कमी ऐकू येणे अशी मधली अवस्था या विकारात सहसा आढळत नाही.

पांढरा रंग, निळे डोळे आणि बहिरेपणा यांच्यातील नाते जुन्या निरीक्षकांच्याही लक्षात आले होते. निळ्या डोळ्यांची मांजरे नेहमीच बहिरी असतात, असा उल्लेख चार्ल्स डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात केला आहे. १८९६ मध्ये बर्नहार्ड राविट्झ यांनी निळ्या डोळ्यांच्या एका पांढऱ्या कुत्र्याचे कान व मेंदू तपासून वर्णन प्रसिद्ध केले. विसाव्या शतकाच्या मध्यास, १९४८ व १९६२ मध्ये, बहिऱ्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या अंतर्कर्णाचे सूक्ष्मदर्शकीय अभ्यास झाले आणि बिघाड नेमका कोठे आहे हे स्पष्ट झाले.

आनुवंशिकी

डाल्मेशियनचा पांढरा रंग पायबाल्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनुकीय बदलामुळे येतो. हा बदल एमआयटीएफ या जनुकाशी संबंधित असून हे जनुक रंजकपेशींच्या वाढीचे व टिकावाचे नियंत्रण करते. त्याचे सर्वांत तीव्र, म्हणजे अतिपांढरे रूप डाल्मेशियनमध्ये स्थिर झालेले आहे. आईकडून व वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती त्याच रूपाच्या असतात. ठिपके या पांढऱ्या पृष्ठभागावर दुसऱ्या जनुकीय बदलामुळे उमटतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनी या बदलाचा संबंध यूएसएच२ए या जनुकाच्या परिसराशी जोडला. म्हणजे ठिपका ही पांढऱ्या भागात नंतर परत आलेली रंगाची बेटे आहेत, तर पॅच हा मुळातच पांढरा न झालेला भाग आहे.

सर्वच डाल्मेशियनांकडे अतिपांढऱ्या रूपाच्या दोन प्रती असताना त्यांतील बहुसंख्य कुत्र्यांना दोन्ही कानांनी ऐकू येते. त्यामुळे हे एक जनुक बहिरेपणाचे संपूर्ण स्पष्टीकरण देत नाही. त्याचा प्रभाव किती तीव्रतेने व्यक्त होतो हे इतर जनुकांवर आणि बहुधा गर्भवाढीतील योगायोगावरही अवलंबून असते. साध्या अप्रभावी वारशाचे गणित येथे लागू पडत नाही. बहिऱ्या आईबापांची पिल्ले ऐकणारी निघतात आणि दोन्ही कान शाबूत असलेल्या जोडप्याच्याही वेतात बहिरी पिल्ले जन्मतात. इतर जनुकांची निश्चित ओळख पटलेली नसल्याने कोणते कुत्रे बहिरेपणाचा वारसा पुढे नेईल हे सांगणारी डीएनए चाचणी अस्तित्वात नाही.

पॅच व निळे डोळे

निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत दोन गोष्टी सातत्याने दिसून आल्या आहेत. पॅच असलेल्या कुत्र्यांत बहिरेपणाचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी असते आणि एक किंवा दोन्ही डोळे निळे असलेल्या कुत्र्यांत ते जास्त असते. वरील यंत्रणा लक्षात घेतली तर दोन्हींचा अर्थ सरळ लागतो. पॅच हे पांढरेपणाचा प्रभाव तुलनेने सौम्य असल्याचे चिन्ह आहे. निळे बुबुळ हे रंजकपेशी डोळ्यापर्यंतही न पोहोचल्याचे चिन्ह आहे.

येथेच जातीच्या मानकाशी संघर्ष उभा राहतो. ठिपके सुटे, गोल व रेखीव असावेत अशी अपेक्षा असल्याने पॅच हा दोष मानला गेला आणि अमेरिकन केनेल क्लबच्या मानकानुसार पॅच असलेले कुत्रे प्रदर्शनात अपात्र ठरते. परिणामी पिढ्यान्‌पिढ्या पॅच असलेली पिल्ले पैदाशीतून बाजूला काढली गेली. ही निवड करणाऱ्यांना बहिरेपणा वाढवायचा नव्हता. पण सौम्य रूप व्यक्त करणारी कुत्री वगळत गेल्याने पांढरेपणाची तीव्रता, आणि तिच्याबरोबर बहिरेपणाची शक्यता, नकळत जोपासली गेली. सौंदर्यविषयक एका नियमाची किंमत कानांनी चुकवली, असे म्हणणे येथे अतिशयोक्तीचे ठरत नाही.

निळ्या डोळ्यांबाबत देशोदेशी धोरण वेगळे आहे. एफसीआयच्या मानकात निळे डोळे हा अपात्र ठरवणारा दोष आहे व ब्रिटनमध्येही ते अनिष्ट समजले जातात. अमेरिकेच्या मानकात मात्र तपकिरी व निळे असे दोन्ही रंग मान्य आहेत. अमेरिकेत बहिरेपणाचे प्रमाण युरोपपेक्षा जास्त आढळते, त्यामागे हे एक कारण असल्याचे मानले जाते.

पॅच असलेले कुत्रे बहिरे नसतेच किंवा तपकिरी डोळ्यांच्या कुत्र्याला ऐकू येतेच, असा मात्र याचा अर्थ नाही. काळ्याभोर कानाचे कुत्रेही बहिरे असू शकते, कारण कानाच्या पाळीवरील केसांचा रंग आतल्या नलिकेची साक्ष देत नाही.

प्रमाण

अमेरिकेतील लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक विद्यालयातील जॉर्ज स्ट्रेन यांनी अनेक दशके संकलित केलेल्या माहितीनुसार तेथील चाचणी झालेल्या डाल्मेशियनांपैकी सुमारे ३० टक्के कुत्री बाधित होती. सुमारे २२ टक्के एका कानाने आणि सुमारे ८ टक्के दोन्ही कानांनी बहिरी होती. ब्रिटनमध्ये १९९२ ते २०१९ या काळात चाचणी झालेल्या ८,९५५ डाल्मेशियनांच्या नोंदींचे विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एकूण प्रमाण १७.८ टक्के आढळले, १३.४ टक्के एका कानाने व ४.४ टक्के दोन्ही कानांनी बहिरी. याच अभ्यासात त्या काळात बहिरेपणाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसून आले.

तुलनेसाठी, स्ट्रेन यांच्याच संकलनानुसार पांढऱ्या बुल टेरियरमध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्के, तर त्याच जातीच्या रंगीत कुत्र्यांत १ टक्क्याच्या आसपास आहे.

या आकड्यांत एक महत्त्वाची बाब दडलेली आहे. दोन्ही देशांत बाधित कुत्र्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कुत्री एकाच कानाने बहिरी आहेत आणि अशी कुत्री वागण्यावरून ओळखू येत नाहीत. आठ पिल्लांचे वेत धरले तर अमेरिकेतील प्रमाणानुसार त्यातील सरासरी दोन ते तीन पिल्ले बाधित निघतील. मालकाच्या लक्षात आले तर त्यांतील एखादेच येईल; उरलेली निरोगी समजून विकली जातील आणि त्यांतील काही पुढे पैदाशीलाही वापरली जातील. चाचणी उपलब्ध नव्हती त्या काळात, प्रामाणिक पैदासकार बहिरी पिल्ले वगळत असूनही, हा दोष का टिकून राहिला याचे उत्तर यात आहे.

लक्षणे

दोन्ही कानांनी बहिरे पिल्लू मोठ्या आवाजानेही झोपेतून उठत नाही; जेवणाच्या भांड्याचा आवाज झाल्यावर भावंडे धावली की मगच त्यांच्यामागे जाते. खेळताना भावंडे केकाटली तरी ते चावा सैल करत नाही, कारण केकाटणे त्याला ऐकूच येत नाही. तरीही अनेक पिल्ले नजर, वास आणि जमिनीतील कंपने यांचा इतका कुशल उपयोग करतात की घरातील माणसांना कित्येक आठवडे शंका येत नाही. टाळ्या वाजवून किंवा ताट आपटून केलेल्या घरगुती परीक्षा म्हणूनच फसव्या ठरतात. पिल्लू हवेच्या झोताला किंवा हाताच्या सावलीला प्रतिसाद देत असते.

एका कानाने बहिऱ्या कुत्र्याला आवाज ऐकू येतो, पण तो कोठून आला हे चटकन कळत नाही. हाक मारल्यावर ते आधी चुकीच्या दिशेला पाहते. चांगला कान जमिनीला टेकवून झोपले असता त्याला हाक ऐकू जात नाही. या पलीकडे त्याचे आयुष्य सर्वसाधारण कुत्र्यासारखेच असते.

बेअर चाचणी

प्रत्येक कानाची स्वतंत्र व खात्रीशीर तपासणी केवळ मेंदूतील श्रवणमार्गाच्या विद्युत प्रतिसादाच्या चाचणीने होते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला बेअर चाचणी म्हणतात. मनुष्यातील हे प्रतिसाद डॉन जुएट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास सविस्तर वर्णिले. लहान मुलांच्या श्रवणतपासणीसाठी महाराष्ट्रातील रुग्णालयांत केली जाणारी बेरा चाचणी ती हीच. अक्षरांचा क्रम तेवढा वेगळा आहे.

चाचणीत पिल्लाच्या डोक्याच्या माथ्यावर व कानांजवळ त्वचेखाली बारीक सुईसारखे विद्युतअग्र बसवतात आणि एका कानात टकटक असे लहान आवाज पाठवतात. प्रत्येक आवाजानंतरच्या सुमारे दहा मिलिसेकंदांतील मेंदूची विद्युत हालचाल संगणक नोंदवतो. एका आवाजाचा प्रतिसाद मेंदूच्या इतर हालचालींत बुडून जातो, म्हणून शेकडो आवाजांच्या प्रतिसादांची सरासरी काढली जाते. कान कार्यक्षम असेल तर आलेखावर ठरावीक क्रमाने शिखरे उमटतात, तर बहिऱ्या कानाची रेषा सपाट राहते. तपासल्या जाणाऱ्या कानातील आवाज कवटीतून दुसऱ्या कानाने टिपू नये यासाठी त्या दुसऱ्या कानात सौम्य खरखराट सोडतात. पिल्लू जागे असो वा झोपलेले, प्रतिसाद तोच येतो. मोठ्या कुत्र्याला कधीकधी गुंगीचे औषध द्यावे लागते. कानात मळ किंवा संसर्ग असेल तर बाहेरून पाठवलेला आवाज अडतो व निष्कर्ष चुकू शकतो. अशा वेळी हाडातून कंपने पाठवून खातरजमा करता येते.

पिल्लू पाच आठवड्यांचे झाल्यावर ही चाचणी करतात, कारण त्याआधी अंतर्कर्णातील ऱ्हास पूर्ण झालेला नसू शकतो. हा दोष पुढे नव्याने उद्भवत नसल्याने आयुष्यात एकदाच केलेली चाचणी पुरते. संपूर्ण वेताची चाचणी पिल्ले नव्या घरी जाण्यापूर्वी करणे ही डाल्मेशियन पैदाशीतील किमान अपेक्षा समजली जाते.

जबाबदार पैदास

दोन्ही कानांनी ऐकू येणाऱ्या कुत्र्यांचीच पैदास करणे हा या क्षेत्रातील मूलभूत नियम आहे. एका कानाने बहिरे कुत्रे पाळीव प्राणी म्हणून उत्तम असले, तरी आनुवंशिकदृष्ट्या ते बाधितच असते. त्याच्या पिल्लांत बहिरेपणाची शक्यता लक्षणीयरीत्या वाढते. प्रदर्शनात बक्षिसे मिळवलेला, देखणा, पण एका कानाने बहिरा नर पैदाशीला वापरण्याचा मोह होतो. एकच लोकप्रिय नर अनेक वेतांचा बाप होत असल्याने अशा एका निर्णयाचे परिणाम जातीत दूरवर पसरतात.

मात्र हा नियम पाळल्याने बहिरेपणा थांबत नाही, केवळ कमी होतो. स्वतः ऐकणारे कुत्रेही जोखीम वाढवणारी जनुके वाहत असते. त्यामुळे अनुभवी पैदासकार एकट्या कुत्र्याचा निकाल न पाहता त्याची भावंडे, आईबाप आणि आधीच्या वेतांतील पिल्ले यांचे निकाल एकत्र पाहतात. बहुतेक ऐकणाऱ्या पिल्लांच्या वेतातील कुत्रे आणि निम्म्या बाधित पिल्लांच्या वेतातील एकमेव ऐकणारे कुत्रे, या दोघांचे चाचणी-निकाल कागदावर सारखेच दिसले तरी त्यांची आनुवंशिक किंमत सारखी नसते. ज्या जोडीच्या वेतात बाधित पिल्लांचे प्रमाण जास्त निघाले ती जोडी पुन्हा जुळवू नये, हे यातूनच ओघाने येते. ब्रिटनमधील केनेल क्लब चाचणीचे निकाल नोंदवून ठेवतो; अशा सामायिक नोंदींवर आधारलेले पैदासमूल्य काढणे हा एकेका पैदासकाराच्या आठवणीवर विसंबण्यापेक्षा पुष्कळ अचूक मार्ग आहे. त्यासाठी वाईट निकालही नोंदवले जाणे आवश्यक असते. बहिरी निघालेली पिल्ले नोंदीतून गाळली गेली तर उरलेली आकडेवारी दिलासा देते, पण दिशाभूल करते.

दुसरी अडचण जनुकीय विविधतेची आहे. बाधित, निळ्या डोळ्यांची, पॅच असलेली आणि अन्य दोषांची कुत्री एकदम वगळली तर पैदाशीसाठी उरणारा समूह आक्रसतो व इतर आनुवंशिक विकार डोके वर काढू शकतात. म्हणून पॅच असलेल्या, ऐकणाऱ्या कुत्र्यांना निदान पैदाशीपुरती मोकळीक द्यावी असा विचार मांडला गेला आहे. बहिरेपणा कमी करण्याच्या दृष्टीने तो तर्कसंगत आहे. जातीचे रूप जपू पाहणाऱ्यांना तो मान्य होणे अवघड जाते, कारण पॅचचे प्रमाण वाढले की रेखीव ठिपक्यांचे कमी होते.

याच जातीतील दुसऱ्या एका आनुवंशिक दोषाशी तुलना केल्यास हा पेच अधिक स्पष्ट होतो. शुद्ध डाल्मेशियनच्या लघवीत युरिक आम्लाचे प्रमाण असाधारणपणे जास्त असते व त्यामुळे मूत्रखडे होतात. याला कारणीभूत असलेला एसएलसी२ए९ या जनुकातील बदल सर्वच शुद्ध डाल्मेशियनांत होता, म्हणजे जातीअंतर्गत निवडीला वावच नव्हता. १९७३ मध्ये अमेरिकेतील आनुवंशिकीतज्ज्ञ रॉबर्ट शायबल यांनी एका डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर केला व पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनांशीच जुळवत नेल्या. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील डॅनिका बॅनाश यांच्या गटाने तो जनुकीय बदल शोधून काढला आणि डीएनए चाचणी शक्य झाली. दीर्घ वादानंतर ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१० मध्ये व अमेरिकन केनेल क्लबने २०११ मध्ये या वंशातील कुत्र्यांची नोंदणी मान्य केली. युरिक आम्लाचे जनुक अंगरंगाला फारसा धक्का न लावता बदलता आले. बहिरेपणाच्या बाबतीत ती सोय नाही: अतिपांढरे रूप काढून टाकले तर उरणारे कुत्रे डाल्मेशियनसारखे दिसणार नाही.

बहिऱ्या पिल्लांचा प्रश्न

दोन्ही कानांनी बहिऱ्या पिल्लांचे काय करावे, यावर या जातीच्या इतिहासात तीव्र मतभेद झाले आहेत. अमेरिकेतील व ब्रिटनमधील जातीच्या मुख्य संस्थांनी दीर्घकाळ अशा पिल्लांना दयामरण द्यावे अशी भूमिका घेतली. बहिरे कुत्रे अचानक स्पर्श झाल्यास दचकून चावते, रस्त्यावर वाहनाखाली सापडते, त्याचे प्रशिक्षण अवघड असते आणि ते एका घरातून दुसऱ्या घरी फिरत राहते, असे युक्तिवाद त्यामागे होते. बहिरी कुत्री सांभाळणाऱ्यांनी व प्राणिकल्याण कार्यकर्त्यांनी या भूमिकेला विरोध केला. बहिरेपणामुळे पिल्लाला वेदना होत नाहीत आणि ऐकू येण्याची कल्पनाच नसल्याने ते त्या अभावाने झुरतही नाही, हे त्यांच्या म्हणण्यातील मुख्य सूत्र आहे.

व्यवहारात बहिरी कुत्री हातांच्या खुणांनी चांगली शिकतात. खुणा ठरावीक व सर्व कुटुंबीयांच्या एकसारख्या असाव्या लागतात. अंधारात लक्ष वेधण्यासाठी विजेरीचा झोत किंवा दिव्याची उघडझाप आणि दुरून बोलावण्यासाठी केवळ कंप पावणारा गळपट्टा वापरतात. झोपलेल्या कुत्र्याला दरवेळी एकाच जागी, उदाहरणार्थ खांद्यावर, हळुवार स्पर्श करून उठवावे व लगेच खाऊ द्यावा. त्यामुळे अचानक स्पर्शाची भीती कमी होते. मोकळ्या जागेत मात्र अशा कुत्र्याला साखळीशिवाय किंवा कुंपणाबाहेर सोडता येत नाही, कारण धोक्याच्या क्षणी मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. लहान मुले असलेल्या किंवा दिवसभर बंद राहणाऱ्या घरात ते देणे धोक्याचे ठरू शकते. बहिरे पिल्लू द्यायचेच तर घेणाऱ्याला पूर्ण माहिती देऊन आणि निर्बीजीकरणाच्या अटीवर द्यावे, असा संकेत आहे.

चित्रपट व मागणी

डोडी स्मिथ यांच्या १९५६ च्या बालकादंबरीवर डिस्नेने १९६१ मध्ये वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स हा चित्रपट काढला. १९८५ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा प्रदर्शित झाल्यानंतरच्या आठ वर्षांत अमेरिकन केनेल क्लबकडील डाल्मेशियनांची वार्षिक नोंदणी ८,१७० वरून ४२,८१६ वर गेली आणि पुढे तितक्याच वेगाने कोसळली. मागणी अशी फुगते तेव्हा ती भागवण्यासाठी पुढे येणाऱ्यांना चाचणी, नोंदी व जोडीची निवड यांसाठी वेळ नसतो. गाडीबरोबर मैलोन्‌मैल धावण्यासाठी घडलेले हे उत्साही कुत्रे सदनिकेत सांभाळणे अनेकांना झेपले नाही आणि नको झालेली डाल्मेशियन कुत्री मोठ्या संख्येने निवाराघरांत आली. पडद्यावरील एकशे एक पिल्लांपैकी बहिरे एकही नव्हते. पिल्लू विकत घेताना अनेकांनी त्याविषयी विचारले नाही, यात नवल नाही.

भारतात कुत्र्यांची पैदास व विक्री यांसाठी २०१७ मध्ये प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नियम लागू झाले. त्यांनुसार पैदासकाराने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे व आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. बेअर चाचणी पाचव्या आठवड्यापासून शक्य असल्याने विक्रीपूर्वी तपासणीसाठी किमान तीन आठवडे हाती राहतात. पिल्लू घेणाऱ्याने दोन्ही आईबापांचे आणि पिल्लाचे, प्रत्येक कानाचा वेगळा निकाल नमूद केलेले अहवाल मागावेत. पिल्लू हाकेला ओ देते एवढ्यावरून एक कान बहिरा नसल्याचे सिद्ध होत नाही.

मनुष्यातील समांतर विकार

रंजकपेशींअभावी येणारा बहिरेपणा मनुष्यातही आढळतो. डच नेत्रतज्ज्ञ पेट्रस वार्डेनबर्ग यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेल्या व त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारसमूहात कपाळावर पांढऱ्या केसांची बट, निळे किंवा दोन वेगळ्या रंगांचे डोळे आणि एका किंवा दोन्ही कानांचा जन्मजात बहिरेपणा ही लक्षणे वेगवेगळ्या प्रमाणात एकत्र येतात. त्याच्या दुसऱ्या प्रकारातील काही कुटुंबांत एमआयटीएफ या जनुकातच बदल सापडले आहेत. एकाच घरातील, एकच बदल वाहणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाला ऐकू येते व दुसऱ्याला येत नाही, ही गोष्ट येथेही दिसते. मनुष्यात अशा बहिरेपणावर कॉक्लियर रोपणाचा उपयोग होतो. या उपकरणातून मृत केशपेशींना वळसा घालून श्रवणचेतेला थेट विद्युतसंदेश दिले जातात.